रग्बी लीगमध्ये दुखापती का वाढताहेत? खेळाडूंचा दम कोणी काढून घेतला?

ऑबर्नकर | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मी सिडनीच्या पश्चिम भागात फिजिओथेरपिस्ट आहे. हिवाळा आला की सोमवारची सकाळ ठरलेली असते, शनिवार-रविवारच्या मॅचमध्ये मोडलेली पोरं रांगेने येतात.

आजचा पहिला पेशंट एकोणीस वर्षांचा, एका हौशी क्लबचा खेळाडू. सूज बेताचीच होती, त्यामुळे पाय नुसता मुरगळलाय असं त्याला वाटत होतं. मी घोट्यापासून वीतभर वर, पोटरीच्या मधोमध, नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड दोन्ही तळव्यांत धरून एकमेकांकडे दाबलं. दाब पोटरीवर, पण कळ गेली थेट घोट्यात. पोराने टेबलाची कड घट्ट धरली. ही दोन हाडं घोट्याच्या वर ज्या बंधांनी बांधलेली असतात, ते फाटले की असं होतं. याला सिंडेस्मोसिसची दुखापत म्हणतात. हाडं एकमेकांपासून सरकली असतील तर ऑपरेशन करून आवळून घ्यावी लागतात आणि त्या मोसमातला खेळ बहुतेक संपतो.

कसं झालं विचारलं. म्हणाला, तिघांनी धरलं. दोघे वर लोंबकळत होते. तिसरा मागून आला, कमरेला मिठी मारली आणि स्वतःचे पाय सोडून सगळं वजन माझ्या पायांच्या मागच्या बाजूवर टाकून बसला. याचं नाव हिप-ड्रॉप. आपला पाय जमिनीत रुतलेला आणि वर शंभर किलोचा माणूस बसलेला, मग घोट्याला जायला जागाच उरत नाही.

ज्यांनी लीग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही युनियनपेक्षा वेगळी रग्बी. एका बाजूला १३ खेळाडू. बॉल घेऊन धावणाऱ्याला पाडलं की तो उठून टाचेने बॉल मागे सारतो आणि खेळ लगेच पुढे सुरू. अशा सहा संधी, मग बॉल समोरच्यांकडे. दर वेळी बचाव करणाऱ्यांना १० मीटर मागे पळत जाऊन पुन्हा पुढे यावं लागतं. युनियनमध्ये स्क्रम, लाइनआउट यांत खेळाडूंना श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथे ८० मिनिटं पळा, धडका, मागे पळा.

दर मंगळवारी दुपारी चारला एनआरएलच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या, क्लबांचे संघ जाहीर होतात. पूर्वी लोक त्यात कोण खेळणार ते बघायचे, आता आधी कोण नाही ते बघतात. दुखापती का वाढल्या याबद्दल क्लबहाऊसपासून रेडिओपर्यंत एकच ऐकू येतं, हल्लीची पोरं नाजूक. मला हे मुळीच पटत नाही. माझं म्हणणं असं, की खेळाडूंचा दम नियम बदलून काढून घेतला गेला. दमलेला माणूस वाईट पद्धतीने पाडतो, आणि वाईट पद्धतीने पाडण्यात दोघेही मोडतात.

तुम्हाला काय वाटतं?

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०२

ताई, विषय छान मांडलात. पण मुळात दुखापती वाढल्यात की त्यांची मोजणी वाढलीय? १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये साउथ सिडनीचा कॅप्टन जॉन सॅटलर याचा जबडा सुरुवातीच्या काही मिनिटांतच मोडला. तो तसाच शेवटपर्यंत खेळला आणि मॅनलीला २३-१२ हरवून कप उचलला. इथे आजही लोक ती गोष्ट अभिमानाने सांगतात. डोक्याला मार लागून मैदानात तसेच फिरत राहिलेले किती असतील, कुणी लिहून ठेवलं? आज कॅमेऱ्यासमोर डॉक्टर बसलेला असतो. आकडा वाढणारच.

---

ऑबर्नकर | सोमवार, रात्री १०:३०

@शंकासुर, डोक्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. २०२२ पासून एनआरएलमध्ये स्वतंत्र डॉक्टर बंकरमध्ये, म्हणजे रिप्ले तपासायच्या खोलीत, बसून सगळे कॅमेरे बघतो. खेळाडू डगमगला की त्याला बाहेर काढतात, १५ मिनिटांची तपासणी होते. पूर्वी ट्रेनर स्पंजने पाणी मारून उभं करायचा. त्यामुळे कन्कशनचे, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचे, आकडे चढले, त्यातला काही भाग मोजणीचा आहेच, आणि ती मोजणी होतेय हे चांगलंच आहे.

पण घोट्याचा फाटलेला बंध स्पंजने कधीच लपला नसता. तो माणूस १९७० मध्येही त्या पायावर धड पळू शकला नसता. गुडघ्याच्या आतला मुख्य बंध, एसीएल, तोही तसाच. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गटाची.

---

अंकगणित | मंगळवार, सकाळी ७:४०

मला साधं कारण दिसतं, शरीरं मोठी झाली. जिम, प्रोटीन, वर्षभर पगारी सराव. पुढच्या फळीतला माणूस ११० किलोचा असतो आणि तरीही पळतो. नियमांना कशाला दोष द्यायचा?

---

ऑबर्नकर | मंगळवार, सकाळी ८:१०

आकडेच मांडू या. धडकेतली ऊर्जा म्हणजे वजनाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. ११० किलोचा माणूस सेकंदाला ५ मीटर वेगाने आला तर १,३७५ ज्यूल. तोच ७ मीटरने आला तर २,६९५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वजन दहा टक्के वाढलं तर ऊर्जा दहा टक्के वाढते. वेग दहा टक्के वाढला तर एकवीस टक्के.

म्हणून प्रश्न असा की वेग कुठून आला? १९९३ पर्यंत बचाव करणारे ५ मीटर मागे जायचे. त्या वर्षी ते १० केले. दोन्ही बाजू पळत येऊन भिडायच्या आधीचं मोकळं अंतर दुप्पट झालं. जिममध्ये कमावलेल्या शरीराला धावपट्टी मिळाली ती त्या नियमाने.

---

लालमाती | मंगळवार, दुपारी १:२५

मी लहानपणी कोल्हापुरात तालमीत होतो, आता मेलबर्नला आहे. एक निरीक्षण सांगतो. इथल्या मॅचेस पहिल्यांदा टीव्हीवर पाहिल्या तेव्हा मला त्यात कुस्तीच दिसली. पाडल्यावर सोडत नाहीत, मान वळवतात, खांदा दाबतात, पाय अडकवतात. नंतर कळलं की मेलबर्न स्टॉर्म या इथल्या क्लबने खरोखरच जुजुत्सू आणि कुस्तीचा जाणकार जॉन डोनेह्यू याला प्रशिक्षक म्हणून ठेवलं होतं, आणि मग सगळ्या क्लबांनी तेच केलं.

फरक असा की आखाड्यात एकासमोर एक असतो आणि समोरच्याला माहीत असतं कोण कुठून येतोय. आमचे वस्ताद पट काढायला शिकवताना आधी हे सांगायचे, की समोरच्याचा पाय अडकलेला असेल तर त्या पायावर पडायचं नाही, बाजूला जायचं. पोरगं ऐकलं नाही तर त्या दिवशी जोड बंद. इथे दोघांनी धरून ठेवलेल्या माणसाच्या पायावर तिसरा मागून येतो. ज्याला धरलंय त्याला तो दिसतही नाही.

---

ऑबर्नकर | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

@लालमाती दादा, मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. आता त्यापुढची कडी मी जोडते.

कुस्ती आलीच का? १० मीटर मागे जायला वेळ लागतो. पडलेला खेळाडू पटकन उठला तर बचावाची रांग अजून मागेच पळत असते, आणि पुढचा हल्ला पाठमोऱ्या माणसांवर येतो. म्हणून त्याला जमिनीवर आणखी एक-दोन सेकंद दाबून ठेवणं हेच बचावाचं मुख्य काम झालं. एकाने ते जमत नाही. दोघे वरचं शरीर आणि बॉल धरतात, माणूस तरीही उभाच राहतो, मग त्याला खाली आणायला तिसरा येतो. त्याला पकडायला उरतात फक्त पाय. तिथून हिप-ड्रॉप, तिथून उभ्या माणसाच्या गुडघ्यावर खालून मारलेली कॅननबॉल, तिथून मानेवर वजन टाकणारा क्रशर.

म्हणजे माझ्या टेबलावरचा घोटा ओढत नेला तर १९९३ च्या १० मीटरपर्यंत पोचतो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. खेळ मोकळा व्हावा, ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळणारे गुण) जास्त व्हाव्यात एवढाच हेतू होता.

हिप-ड्रॉपवर एनआरएल गेली काही वर्षं बंदीची शिक्षा देतेय, आणि २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, एनएफएलनेही तो प्रकार बेकायदा केला. पण शिक्षा मिळते तिसऱ्या माणसाला. त्याला तिथे पाठवणारी गरज तशीच आहे.

---

लीड्सस्थ | मंगळवार, रात्री ११:४५ (इथे दुपार)

इंग्लंडमधून लिहितेय. हा खेळ जन्मला तोच इथे, १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. खाणीत आणि गिरणीत काम करणारे खेळाडू शनिवारचा रोज बुडवून खेळायचे, त्याची भरपाई द्यावी म्हणून उत्तरेतले क्लब युनियनमधून फुटले. शरीर मोडलं तर चूल बंद, हे पहिल्या दिवसापासून या खेळाला माहीत आहे.

ऑबर्नकर ताईंच्या यादीत इथली एक गोष्ट घालते. १९९६ मध्ये इथली वरची स्पर्धा, सुपर लीग, सुरू झाली आणि हिवाळ्यातला खेळ उन्हाळ्यात आला. चिखलात गुडघाभर रुतून खेळायचे ते कोरड्या, टणक मैदानावर खेळू लागले. वेग वाढला, आणि पडल्यावर लागणारी जमीनही कडक झाली. प्रेक्षकांना आवडलं, मलाही आवडतं, संध्याकाळी उजेडात मुलांना घेऊन जाता येतं. पण चिखल हा एक प्रकारचा ब्रेक होता.

आणि डोक्याचं. ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला बॉबी गोल्डिंग. २०२१ मध्ये त्याने जाहीर केलं की ४९ व्या वर्षी त्याला डिमेन्शिया झालाय. त्याच्यासारख्या अनेक जुन्या खेळाडूंनी रग्बी फुटबॉल लीग या इथला खेळ चालवणाऱ्या संस्थेवर दावा लावलाय. २०२३ च्या डिसेंबरात त्याच संस्थेने टॅकलची, म्हणजे पाडण्यासाठी धरण्याची, कायदेशीर उंची खांद्यावरून काखेपर्यंत खाली आणायचं ठरवलं, सुरुवात हौशी खेळापासून. आमच्या शेजारच्या क्लबात केवढी आरडाओरड झाली. खेळ संपला, म्हणे.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:०५

उंची खाली आणली तर पाडणाऱ्याचं डोकं गुडघ्याजवळ जाणार. मग त्याला लागेल. एकाचं वाचवून दुसऱ्याचं घालवायचं का?

---

ऑबर्नकर | बुधवार, दुपारी १२:४०

रास्त शंका, आणि मलाही सुरुवातीला हीच होती. पण डोक्याला मार बसणाऱ्यांत बॉलवाल्यापेक्षा पाडणारा जास्त वेळा असतो, आणि त्यातही ताठ उभा राहून भिडणारा. दोघांची डोकी एकाच उंचीवर आली की डोक्याला डोकं किंवा डोक्याला खांदा लागतो. कंबर वाकवून, छातीच्या खाली भिडणाऱ्याला धोका कमी. धोका शून्य नाहीच, गुडघा लागतो. पण ताठ टॅकलपेक्षा कमी.

मग लोक वाकत का नाहीत? वाकायला मांड्यांत ताकद लागते, आणि दमल्यावर पहिली जाते ती मांड्यांतली ताकद. मॅचच्या शेवटच्या वीस मिनिटांत मधल्या फळीतल्यांकडे नीट बघा. गुडघे वाकत नाहीत, पाय आखडते पडतात, हात उशिरा येतात, आणि डोकं जायचं त्या बाजूला न जाता आडवं येतं.

आता दम कसा काढला ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

नव्वदच्या दशकात एक काळ असा होता की कितीही बदली खेळाडू आत-बाहेर करता यायचे. मग ती संख्या १२ वर आली, मग १०, आणि २०१६ पासून ८. उघड सांगितलेला उद्देश असा, की मोठी माणसं दमावीत आणि लहान चपळ खेळाडूंना त्यांच्यातून वाट मिळावी. म्हणजे थकवा हा अपघाताने आलेला नाही, तो मागवून घेतलाय.

मग २०२०. कोविडमुळे दोन फेऱ्यांनंतर थांबलेला मोसम २८ मे रोजी पुन्हा सुरू झाला तो ‘सिक्स अगेन’ घेऊन. पीटर व्ही’लॅंडीस तेव्हा इथला खेळ चालवणाऱ्या कमिशनचे अध्यक्ष होते, खेळ वेगवान करायचा हा त्यांचा आग्रह. तोवर पडलेल्या माणसावर जास्त वेळ लोळत राहिलं की पेनल्टी मिळायची. शिट्टी, बॉल टचमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेबाहेर, मारायचा, सगळे चालत त्या जागी जायचे, मग पुन्हा सुरुवात. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात बचाव करणारे गुडघ्यांवर हात ठेवून चार मोठे श्वास घ्यायचे. नव्या नियमात शिट्टीच नाही. पंच हात हलवतो, भोंगा वाजतो आणि सहाची मोजणी पहिल्यापासून सुरू. समजा पाच टॅकल झालेत, तुम्ही त्यातले तीन केलेत, आता एकच उरलाय म्हणून तग धरलाय, आणि कानावर भोंगा येतो. परत सहा. थांबा नाही. २०२१ मध्ये हेच १० मीटरच्या चुकांनाही लावलं. २०२२ मध्ये त्यातलं थोडं मागे घेतलं, हल्ला करणारा संघ स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल तर पुन्हा पेनल्टी, कारण संघ मुद्दाम ती चूक करून सिक्स अगेन देत होते.

जुनी पेनल्टी बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटायची, हे खरं. पण ती दोन धडकांमधली विश्रांती होती. ती काढताना तिच्या जागी काही दिलं नाही, ना बदल्या वाढवल्या, ना मॅचेस कमी केल्या.

---

अंकगणित | बुधवार, दुपारी ३:१५

माझं मत बदलतोय, निदान अर्धं. एक प्रश्न, २०२१ मध्ये डोक्यावरच्या टॅकलविरुद्ध कारवाई झाली होती ना? तिचं काय झालं?

---

ऑबर्नकर | बुधवार, संध्याकाळी ७:२०

हो, ब्रिस्बेनच्या मॅजिक राउंडला, म्हणजे सगळ्या संघांच्या मॅच एकाच शहरात होतात त्या फेरीला. एका वीकेंडला १४ जण दहा मिनिटांसाठी बाहेर आणि तिघे आपापल्या मॅचच्या शेवटपर्यंत. गाजावाजा झाला, मग पंच हळूहळू सैल पडले. पण मला त्यात एक विसंगती दिसते. खेळाडूला दमवण्याचे नियम एकीकडे, आणि दमल्यावर हात वर गेला म्हणून शिक्षा दुसरीकडे. शिक्षा असायलाच हवी, डोकं सगळ्यात आधी. पण पहिल्या बाजूबद्दल कुणी बोलत नाही.

---

दवबिंदू | बुधवार, रात्री ९:५०

मी न्यूरोलॉजीत काम करते, त्यामुळे डोक्याबद्दल दोन शब्द. सीटीई हा मेंदूचा आजार माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच पक्का कळतो. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलात प्रा. मायकेल बकलंड यांनी २०१८ मध्ये स्पोर्ट्स ब्रेन बँक सुरू केली. त्यातून कॅंटरबरीचा जुना खेळाडू आणि कोच स्टीव्ह फोक्स याचं निदान बाहेर आलं. पॉल ग्रीन, ज्याने कोच म्हणून २०१५ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजना पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं, तो २०२२ मध्ये ४९ व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूत सीटीई गंभीर अवस्थेत सापडलं. त्याच्या घरच्यांनी ते लपवलं नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

मुद्दा असा की या आजाराचा संबंध फक्त बेशुद्ध पाडणाऱ्या मोठ्या फटक्यांशी नाही. ज्यांची कुठेच नोंद होत नाही असे छोटे छोटे हजारो धक्के, त्यांची वर्षानुवर्षांची बेरीज महत्त्वाची. मधल्या फळीतला खेळाडू एका मॅचमध्ये तीस-चाळीस टॅकल करतो. त्यात सराव धरा. म्हणून ऑबर्नकर ताई म्हणतात ती धडकांची संख्या मला वेगाइतकीच मोठी वाटते.

---

कुर्ला_ते_कॅम्पबेलटाउन | गुरुवार, सकाळी ६:३०

+१. वेळापत्रकाबद्दलही बोला ना. गुरुवारी रात्रीपासून रविवारपर्यंत टीव्हीला मॅच हवी, म्हणून काही संघांना पाचच दिवसांत पुन्हा उतरावं लागतं. बुधवारी रात्री स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड मॅच, खेळलेले तीन-चार दिवसांत क्लबसाठी हजर. आणि २०२३ पासून कन्कशन झालं की साधारणपणे ११ दिवस बाहेर. म्हणजे ११ दिवस हे मेंदूला लागतात हे मान्य, पण घोटा, खांदा, मांडी यांना पाच पुरतात?

---

ऑबर्नकर | गुरुवार, सकाळी ७:५५

अगदी. फिजिओ म्हणून सांगते, स्नायूला मार लागला की पाचव्या दिवशी दुखणं कमी झालेलं असतं, ताकद परत आलेली नसते. खेळाडूला बरं वाटतं आणि इथेच घात होतो. तो नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो, पुढची दुखापत त्या पायाला. क्लबकडे पहिल्या फळीचे ३० खेळाडू. त्यातले आठ-दहा बाहेर असले की उरलेल्यांवर ओझं, मग तेही पडतात.

बायकांच्या एनआरएलडब्ल्यूबद्दल वेगळा धागा काढायला हवा. २०१८ मध्ये ४ संघ होते, २०२५ मध्ये १२. माझ्याकडे एसीएलच्या मुली आता दर मोसमात येतात.

---

मिहिरची_आई | गुरुवार, रात्री ८:४०

सगळं वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, शाळेतले सगळे मित्र लीग खेळतात, याला पुढच्या मोसमात जायचंय. त्याचे बाबा म्हणतात खेळू दे, आजी फोनवर रोज रडते. ताई, तुमचा मुलगा असता तर?

---

ऑबर्नकर | गुरुवार, रात्री ९:३०

अहो, मी उत्तर टाळणार नाही. माझी मुलगी ऑझटॅग खेळते, कमरेची पट्टी ओढायची, पाडायचं नाही. तिला पाडापाडीचा खेळ हवा असता तर मी आणखी दोन वर्षं थांब म्हटलं असतं. इथे अगदी लहान मुलांना आता टॅगनेच सुरुवात करून देतात, ते मला योग्य वाटतं.

पण तो जाणारच असेल तर क्लबमध्ये जाऊन विचारा, सरावात आठवड्याला अंगावरची धडक किती वेळ असते? डोक्याला लागलं की निर्णय कोच घेतो की दुसरं कुणी? आणि पाडायला शिकवतं कोण, कसं? तिसऱ्या प्रश्नावर ‘खेळता खेळता येतं’ असं उत्तर मिळालं तर दुसरा क्लब बघा.

तोवर घरी एक गोष्ट करता येते. बैठकीतला लोड घ्या, उभा धरा, आणि त्याला बाजूने येऊन पाडायला सांगा. आधी पाऊल जवळ, मग गुडघे वाकवून खाली, खांदा लोडाला, आणि डोकं लोडाच्या मागच्या बाजूला. पुढे आडवं गेलं तर पुन्हा करायचं. सावकाश, दम न लागता. दहा वेळा झालं की बस.

---

मिहिरची_आई | शनिवार, सकाळी ११:१०

क्लबमध्ये जाऊन आले. कोच बाई आहेत, तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी वही काढून दिली. पहिले सहा आठवडे फक्त गुडघ्यांवर बसून टॅकल शिकवतात म्हणाल्या.

काल रात्री लोड मी धरला होता. पहिल्या चार वेळा डोकं पुढून आलं, माझ्या मनगटावर आदळलं. पाचव्यांदा मागून गेलं. मग त्याने बाबांना लोड धरायला लावला आणि मला म्हणाला, आता तू बघ माझं डोकं कुठे जातंय ते.